ड्रम तिने वाजवायचा, मग प्रवासाला दुसरीने का जायचं?

डिसेंबर उजाडला की आपल्या अकोल्यातल्या शाळांच्या मैदानांवरून सकाळ-संध्याकाळ एकच आवाज ऐकू यायला लागतो. साईड ड्रमचा तडतडाट, मधूनच बिग ड्रमचा दणका, झांजेचा खणखणाट आणि सरांची शिट्टी. २६ जानेवारीची तयारी! कुठे लेझीम, कुठे कवायत आणि ज्या शाळेला परवडतं तिथे बँडपथक. पूर्वी बँड म्हटला की मुलंच असायची. मुलींच्या हातात फार तर लेझीम. आता पुष्कळ शाळांत मुलींचं स्वतंत्र पथक असतं. गळ्यात ड्रम अडकवून, मान ताठ ठेवून, पावलाला पाऊल मिळवून मुली चालतात तेव्हा रस्त्याने जाणारा माणूसही सायकल थांबवून बघतो.

मैत्रिणींनो, हे चित्र छानच आहे. पण ते फक्त शाळेच्या फाटकापर्यंतचं आहे. हेच पथक गावाबाहेर स्पर्धेला किंवा संचलनाला जायचं ठरलं की यादी बदलते. वर्षभर वाजवणाऱ्या चार-पाच मुलींची नावं हळूच गळतात. कुणाच्या घरून 'नाही' येतं, कुणाकडे पैसे नसतात, कुणाची आजी रडते. मग शाळा घाईघाईने दुसऱ्या मुली उभ्या करते, नाहीतर 'यंदा राहू द्या' म्हणून अर्जच मागे घेते. वाजवता येतं पण जाता येत नाही, अशी ही गत. माझं म्हणणं असं की यात दोष मुलींचा नाही, आणि बहुतेक वेळा आई-बापांचाही नाही. दोष नियोजनाचा आहे. आणि ते नियोजन आपण बायकांनी हातात घेतल्याशिवाय ही गळती थांबणार नाही.

संधी किती मोठी आहे ते आधी सांगते, कारण आपल्यापैकी अनेकींना ती ठाऊकच नसते. केंद्राचं शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा घेतात. आधी राज्यात स्पर्धा होते, मग पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा विभागांत आणि शेवटची फेरी दिल्लीत. गट चार असतात. मुलांचा ब्रास बँड, मुलींचा ब्रास बँड, मुलांचा पाइप बँड आणि मुलींचा पाइप बँड. ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, आणि पाइप म्हणजे पिशवी काखेत दाबून वाजवतात तो बॅगपाइप. चार विभाग आणि चार गट, म्हणजे दिल्लीला पोहोचतात १६ संघ. २०२५ ची अंतिम फेरी २४ आणि २५ जानेवारीला दिल्लीच्या मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियममध्ये झाली.

हिशेब लक्षात आला का? चारपैकी दोन गट मुलींचे. म्हणजे निम्म्या जागा मुलींसाठी राखूनच ठेवलेल्या. त्या भरायला आपण मुली पाठवतो का, एवढाच प्रश्न आहे.

आणि पाठवणाऱ्यांनी पाठवल्या आहेत. झारखंडमध्ये जमशेदपूरच्या बाजूला पटमदा नावाचं गाव आहे. तिथल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयातल्या मुलींचा पाइप बँड २६ जानेवारी २०२५ ला दिल्लीत कर्तव्यपथावर, राष्ट्रपतींच्या मंचासमोर वाजला. कस्तुरबा विद्यालयं कुणासाठी आहेत ते ठाऊक असेलच. दलित, आदिवासी, मागासवर्गीय, अल्पसंख्य आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या मुलींसाठी २००४ साली सुरू झालेली ही निवासी शाळांची योजना. म्हणजे तिथे काही बंगल्यातल्या मुली नव्हत्या. आपल्या बार्शीटाकळी-पातूरच्या, दर्यापूर-धारणीच्या मुलींसारख्याच. त्यांच्या घरीही 'इतक्या लांब कशाला' म्हणणारं कुणीतरी असेलच. तरी त्या गेल्या, कारण नेणाऱ्यांनी नेण्याची व्यवस्था केली.

आता आपल्याकडचं बघा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आपल्या राजराजेश्वराला कावड येते. आदल्या दिवशी पोरं गांधीग्रामला पूर्णेवर जातात, भरणे भरतात आणि ढोल-ताशाच्या गजरात रात्रभर चालत शहरात येतात. किती श्रद्धेचा सोहळा! पहाटे आपणच रस्त्यावर उभ्या राहून पाणी-फराळ देतो. त्या रात्री कुणाची आई मंडळाच्या अध्यक्षाला विचारते का, की बाबा सोबत कोण आहे, झोपायची सोय काय, जेवण कुठे? विचारत नाही. मुलगा आहे, जाईल आणि येईल. तीच आई शंभरेक किलोमीटरवरच्या अमरावतीला मुलीचं पथक जायचं म्हटलं की दहा प्रश्न विचारते. मी म्हणेन, मुलीसाठी ते दहा प्रश्न विचारायलाच हवेत आणि मुलासाठीही विचारायला हवेत. पण प्रश्न विचारणं वेगळं आणि दार बंद करणं वेगळं.

गेली काही वर्षं मी महिला मंडळाच्या कामातून दोन-तीन शाळांच्या पालकसभांना जाते, आणि दोनदा मुलींच्या पथकाबरोबर सोबतीण म्हणून प्रवासही केला आहे. एका शाळेतली गोष्ट सांगते. सातवीपासून साईड ड्रम वाजवणारी मुलगी. हात असा साफ, की सर बाकीच्या मुलींना 'तिचं ऐका' म्हणायचे. बाहेरगावच्या स्पर्धेची यादी लागली त्यात तिचं नाव होतं. निघायच्या दोन दिवस आधी ते खोडलेलं. चौकशी केली तर कळलं की तिने पैसे भरले नव्हते. आई कापूस वेचायला जाते, बाप हमाली करतो. पैसे कमी होते हे खरं, पण कुणी त्यांना घरी जाऊन विचारलंच नव्हतं. पालकसभा दुपारी दोनला घेतली होती. वेचणीच्या दिवसांत दुपारी दोनला कोणती मजूर बाई शाळेत येईल? तिच्या जागी जिला नेलं तिला ताल धरता येत नव्हता. संघ रिकाम्या हाताने परत आला, त्याचं एवढं काही नाही. पण त्या मुलीने पुढच्या वर्षी ड्रम घेतलाच नाही. "मले नाई आवडत आता," एवढंच म्हणाली. चौदा वर्षांच्या पोरीला न आवडण्याचं कारण काय असतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून म्हणते, दौरा ठरतो तो पालकसभेत. आणि पालकसभेची वेळ ठरते तिथेच अर्ध्या मुलींचं भवितव्य ठरतं. बँडस्पर्धेचे दिवस म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणीचे आणि तुरीच्या शेंगा धरण्याचे दिवस. सभा संध्याकाळी सातनंतर घ्या, नाहीतर रविवारी सकाळी. जिला येता आलं नाही तिच्या घरी दोन पालक जा. चिठ्ठी पाठवून 'कळवले' असं समजू नका. ज्या आईला वाचता येत नाही तिला ती चिठ्ठी मुलगीच वाचून दाखवते, आणि पैशाचा आकडा पाहून कित्येकदा तीच चिठ्ठी दप्तरात दडवून ठेवते.

आता भीतीबद्दल. पालक घाबरतात, त्यांना हसू नका. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत जास्त माणसं भरली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्यांवरच्या अत्याचाराने सगळा महाराष्ट्र हादरला. हे सगळं टीव्हीवर पाहिलेली आई मुलीला सहज कशी पाठवेल? एकदा एका पालकसभेत एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं समदं खरं हाय. पन रात्रीच्या गाडीत माह्या पोरीजवळ कोन झोपीन, थे सांगा." सभेत कुणी कुणी हसलं. मला विचाराल तर त्या दिवशीचा सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता. त्याचं उत्तर नाव घेऊन देता आलं पाहिजे. "आम्ही आहोत ना" हे काही उत्तर होत नाही.

या घटनांतून शिकायचं ते असं. स्पर्धेचा प्रवास हा स्पर्धेचाच ठेवा. 'आलोच आहोत तर समुद्र बघू, धरण बघू, बोटीत बसू' हे शेवटच्या क्षणी ठरणारे बेत पालकांनी आधीच लेखी नाकारावेत. जिथे थांबायचं ती ठिकाणं कागदावर हवीत, आणि कागदाबाहेरचा थांबा नको. बाहेरगावी जायचं तर शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांचं संमतीपत्र लागतं. ते संमतीपत्र न वाचता सही करू नका. त्यात फक्त 'काही झाल्यास शाळा जबाबदार नाही' असं लिहिलेलं असेल तर ते संमतीपत्र नव्हे, हात झटकण्याचा कागद आहे. त्यात किती वाजता निघणार, कोणत्या गाडीने, कुठे उतरणार, सोबत कोण, त्यांचे फोन काय, हे हवं.

आणि सोबत बाई हवी. 'एक मॅडम आहेत' एवढ्यावर भागत नाही. तीस मुलींमागे निदान तीन बायका असाव्यात. एक मुलगी आजारी पडली तर एक बाई तिच्याजवळ थांबेल, दुसरी वाद्यांजवळ, तिसरी बाकीच्या मुलींबरोबर मैदानावर. शाळेत तेवढ्या शिक्षिका नसतील तर पालक माता जाऊ शकतात. झोपायच्या खोलीत पुरुष शिक्षक किंवा बँडमास्तर जाणार नाहीत, कुणा मुलीला एकटीला कुठेही पाठवायचं नाही, हे नियम सगळ्यांसमोर वाचून दाखवावेत. यात कुणावर अविश्वास नाही. चांगल्या माणसाला नियमाचा त्रास होत नाही, उलट आधारच वाटतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुला-मुलीला संरक्षण दिलं आहे. २०२२ मध्ये आपल्या राज्याने शाळाशाळांत 'सखी सावित्री' समिती नेमायला सांगितलं. तुमच्या शाळेत ही समिती आहे का, दौऱ्याआधी ती एकदा तरी बसली का, विचारा. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक आणि रेल्वेचा १३९ मुलींच्या ओळखपत्रामागे लिहून ठेवा.

आता पैसा. इथेच बहुतेक गाडं अडतं. समजा तीस मुली आहेत आणि माणशी खर्च तीन हजार. म्हणजे नव्वद हजार. त्यातल्या दहा मुलींना जमत नाही, म्हणजे तीस हजारांची तूट. डिसेंबरमध्ये हा तीस हजारांचा डोंगर वाटतो आणि मग सोपा मार्ग म्हणून दहा नावं खोडली जातात. पण आपण बचतगटातल्या बायका आहोत. डोंगर फोडायचा कसा ते आपल्याला कुणी शिकवायला नको. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जुलैपासून महिन्याला ५०० रुपये म्हटले तर डिसेंबरअखेर तीन हजार होतात. जिला ५०० जमत नाहीत तिने २०० द्यावेत, जिला तेही नाही तिने सोयाबीन विकल्यावर द्यावेत. सगळे पैसे एका खात्यात, हिशेब दोन पालक आणि एक शिक्षिका यांच्या सहीने. कुणी किती दिले हे मुलींसमोर वाचायचं नाही. उरलेली तूट गावातून भरून काढता येते. दालमिलवाले, जिनिंगवाले, कापड दुकानदार गणपतीला वर्गणी देतातच की. शाळेच्या पथकासाठी कुणी मागायलाच जात नाही. मागायला गेलं की देतात, हा माझा अनुभव आहे. फक्त पावती द्या आणि परत आल्यावर मुलींना घेऊन आभार मानायला जा.

खर्च कमीही करता येतो. शाळेच्या सहलीला एसटी सवलत देते आणि रेल्वेतही विद्यार्थ्यांसाठी सवलती आहेत. पण त्यासाठी शाळेचं पत्र आणि अर्ज वेळेवर लागतो. अकोल्याहून दिल्लीला जायचं तर बहुधा भुसावळला नाहीतर नागपूरला गाडी बदलायची. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. तीस-पस्तीस जणांची तिकिटं एका डब्यात हवी असतील तर रेल्वेकडे लेखी अर्ज करायला आधीच माणूस पाठवला पाहिजे. नाहीतर मुली तीन डब्यांत विखुरतात, आणि मग 'माह्या पोरीजवळ कोन झोपीन' या प्रश्नाला उत्तर उरत नाही. आणखी एक. जानेवारीत उत्तरेत दाट धुकं असतं, गाड्या तासन् तास उशिरा धावतात. स्पर्धेच्या दिवशी सकाळी पोहोचणारी गाडी धरू नका. एक दिवस हाताशी ठेवा आणि एक जेवण जास्तीचं बांधा. तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुरमुऱ्यांचा चिवडा. हे दोन-तीन दिवस टिकतं आणि पोट बिघडत नाही. प्रत्येक घरातून एक-एक पदार्थ आला तर खर्चही वाटला जातो, आणि ज्या आईला पैसे देता आले नाहीत तिचीही मान ताठ राहते.

थंडीचंही सांगते. आपली पोरं बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत वाढलेली. जानेवारीतली दिल्ली म्हणजे हाडं गोठवणारी. नुसता शाळेचा स्वेटर पुरत नाही. आतून उबदार बनियन, हातमोजे, पायमोजे, कानटोपी हवी. बोटं बधिर झाली की ड्रमच्या काड्या हातात राहत नाहीत. आणि पितळी वाद्यं गार पडली की सूर खाली उतरतो. म्हणून मैदानात जाण्याआधी फुंकून वाद्य गरम करायचं असतं. हे बँडमास्तरांना ठाऊक असतं, पण पहाटे पाचला मुलींना गरम पाणी आणि चहा मिळेल का, हे बघायला बाईच लागते. ड्रम गोधडीत, पोत्यात नीट गुंडाळा. पडदा फाटला तर बदलायला एक जादा सोबत ठेवा.

आपल्या विदर्भात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. कडाक्याची थंडी, कमी पाणी आणि अतिश्रम यांनी या आजाराच्या रुग्णाला जबर वेदना सुरू होऊ शकतात. पथकात अशी मुलगी असेल, दम्याची असेल, तर ती यादी सोबतीच्या बाईजवळ हवी आणि डॉक्टरांचा सल्ला आधी घेतलेला हवा. तिला घरी बसवण्यासाठी ही यादी नको. तिच्या अंगावर चार कपडे जास्त असावेत आणि औषध बॅगेत असावं, म्हणून हवी.

आणि आता तो विषय, जो पालकसभेत कुणी काढत नाही. मुलींची पाळी. तीस मुली चार-पाच दिवस प्रवासात, म्हणजे काही जणींची पाळी त्यात येणारच. कित्येक मुली याच धास्तीने 'माझं पोट दुखतं' म्हणून नाव मागे घेतात. त्यातून बँडचा गणवेश पांढऱ्या पँटचा! पांढरा शुभ्र गणवेश रुबाबदार दिसतो, मान्य. पण चार तास बाकावर बसून आणि मग शेकडो लोकांसमोर चालून दाखवायचं असतं तेव्हा त्या पोरीच्या मनात ताल असतो की डाग? गणवेश निळा-काळा शिवा, कुणाचं काही बिघडत नाही. सोबत पॅड, कागद, काळी पिशवी आणि एक जादा पँट असावी. दुसरं असं की, बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. सकाळपासून कोरड्या तोंडाने उभ्या आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. मग लोक म्हणतात, 'पोरींच्या अंगात ताकदच नाही.' ताकद आहे हो. संडास नाही! प्रवास ठरवताना बस कुठे थांबणार, तिथे बायकांची सोय आहे का, हे आधी फोन करून विचारा. उतरायच्या जागी दाराला आतून कडी, दिवा आणि पाणी आहे का, ते एकाने आधी जाऊन बघा.

"एवढा खटाटोप कशासाठी? दहावीचे मार्क वाढणार आहेत का?" असं विचारणारेही भेटतात. त्यांना मी अमरावतीचं उदाहरण देते. आपलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं. त्या मंडळाचा संघ १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवायला गेला होता. पारतंत्र्यातला काळ, बोटीचा प्रवास, परका मुलूख. वऱ्हाडातून निघणाऱ्यांना तेव्हाही कुणी म्हणालंच असेल, 'इतक्या दूर जाऊन काय मिळणार?' काय मिळालं ते आज नव्वद वर्षांनीही आपण सांगतो आहोत. मग आपली पोरगी दिल्लीला, नागपूरला, निदान अमरावतीला का जाऊ नये?

शिवाय मुलीला जे मिळतं ते मार्कांत मोजता येत नाही. मी ज्या मुलींबरोबर गेले त्यातल्या पुष्कळ जणी पहिल्यांदाच आरक्षणाच्या डब्यात बसल्या होत्या. आपला बर्थ कसा शोधायचा, अनोळखी गावात पत्ता कसा विचारायचा, पाच मैत्रिणींत एक बादली पाणी कसं पुरवायचं, हरल्यावर जिंकलेल्यांसाठी टाळ्या कशा वाजवायच्या, हे त्या तीन-चार दिवसांत शिकल्या. लग्नानंतर नवऱ्यामागे पहिला प्रवास करण्यापेक्षा मैत्रिणींबरोबर, गळ्यात ड्रम घालून पहिला प्रवास केलेली मुलगी वेगळी असते. पुढे शिकायला बाहेरगावी जायची वेळ आली की तिचा पाय अडत नाही, आणि आईचं मनही तितकं अडत नाही.

शाळांना एक विनंती. निवड एकदाच करा आणि ती वाजवण्यावर करा. पहिल्या यादीबरोबरच तीन-चार राखीव मुलींची नावं जाहीर करा आणि त्यांनाही रोज सराव द्या. ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर राखीव मुलगी जाईल, देणगीदाराची भाची नाही. आणि पैशावाचून एकही नाव खोडणार नाही, हे जुलैतच सांगा. ते ऐकलं की कित्येक मुली नव्याने पुढे येतील.

आणि मैत्रिणींनो, आपल्याला विनंती नाही, आठवण. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. त्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. म्हणजे तिथली खुर्ची आपल्याला कायद्याने दिलेली आहे. पण होतं काय? नाव आपलं, सही आपली आणि बोलणार आपले 'हे'. आता पुढच्या सभेला स्वतः जा. बँडचा विषय निघो न निघो, आपण काढा. पथकात किती मुली आहेत, मागच्या वर्षी बाहेर किती गेल्या, ज्या गेल्या नाहीत त्या का नाही गेल्या, या वर्षीचा खर्च किती आणि सोबत कोणत्या बायका, एवढं विचारा. उत्तर लिहून घ्या. सोबत जायला बाई नसेल तर हात वर करा आणि म्हणा, "मी जाते." चार दिवस घर सांभाळलं जातं हो. वरण-भात नवऱ्यालाही लावता येतो.